ट्रॉलीचा नट आणि मोटारीचा नट

जानेवारीतली गोष्ट. रात्री अकरा वाजून गेले होते, फोन वाजला. उसाने भरलेली जोडट्रॉली तासगाव रस्त्याला उभी आहे आणि मागच्या ट्रॉलीच्या डाव्या चाकातून धूर येतोय. जॅक, पाने, ग्रीसचा डबा आणि बेअरिंगचा एक सेट पिशवीत टाकला आणि निघालो. पलूसच्या पुढे गेलो आणि ट्रॉली दिसायच्या आधी वास आला. जळक्या ग्रीसचा वास एकदा नाकात बसला की माणूस तो विसरत नाही.

ड्रायव्हर पोरगा बावीस-तेवीसचा असेल. बादलीभर पाणी घेऊन हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या लोखंडी तुंब्यावर, ओतायच्या बेतात होता. मी लांबूनच ओरडलो, "थांब! पाणी नको." तापलेल्या ओतीव हबवर गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो. अर्धा तास आम्ही नुसते बसून राहिलो. मग हबची टोपी काढली. आत ग्रीस नव्हतंच, डांबर होतं. बाहेरच्या बेअरिंगची, रोलरना जागेवर धरणारी जाळी फाटून तिचे तुकडे झाले होते आणि रोलर मोरपिशी निळे पडले होते. पोलाद साधारण तीनशे अंशांच्या आसपास असं निळं होतं. बेअरिंगच्या पोलादाला कारखान्यात जो कडकपणा दिलेला असतो, तो एवढ्या उष्णतेत उतरतो. म्हणजे निळा रोलर धुऊन पुसून परत बसवायचा नसतो, तो संपलेला असतो.

मी विचारलं, "हे चाक कधी उघडलं होतं?"

"परवा काका. ऑइल सील गेलं होतं, फडातच बदललं. चाक हलत होतं म्हणून नट फुल टाईट केला. पाइप लावून."

त्याच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. त्याने आळस केला नव्हता, उलट जीव लावून काम केलं होतं. ढिलं ते वाईट आणि घट्ट ते चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. एक्सलचा नट मात्र या हिशोबात बसत नाही. मला तो कळायला किती वर्षं लागली आणि त्यात दुसऱ्याचं किती नुकसान झालं, ते आज लिहितो.

मी १९९० साली आण्णांच्या गॅरेजात त्यांच्या हाताखाली लागलो. ट्रॉल्या, टँकर, ट्रॅक्टरची पुढची चाकं हेच तिथलं काम. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला हब बसवायला दिला. मी ग्रीस भरलं, आतलं बेअरिंग बसवलं, हब चढवला, बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट, आणि मोठा पाना घेऊन जेवढा जोर होता तेवढा लावला. आण्णा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "झालं? आता सोड."

मला वाटलं आटे चुकलेत. ते म्हणाले, "चुकलं काही नाही. सोड, आणि बोटानं लाव."

तिथून पुढे सहा महिने त्यांनी मला एकच काम करायला लावलं. चाक फिरवत फिरवत नट पान्याने आवळायचा. चाक थांबवायचं नाही, पुढे दहा-बारा फेरे, मागे दहा-बारा फेरे. मग नट पूर्ण सैल करायचा. मग बॉक्सपान्याचा दांडा काढून टाकायचा आणि नुसता पाना मुठीत धरून, हाताला अडेपर्यंत नट लावायचा. नट आपोआप फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून एक्सलच्या भोकात कॉटर पिन घालतात. ती खाच भोकाशी जुळली तर उत्तम. नाही जुळली तर मागे घ्यायची, पुढे कधीच नाही.

हे असं का, ते आण्णा सांगायचे नाहीत. त्यांच्या हाताला ते माहीत होतं. माझ्या डोक्यात ते बरंच नंतर शिरलं.

ट्रॉलीच्या हबात दोन बेअरिंगं असतात, दोन्ही निमुळत्या रोलरची आणि दोन्हींची तोंडं एकमेकांच्या उलट. रोलर ज्या कड्यांवर फिरतात त्या रेस. आतली रेस एक्सलवर बसते, तिला आम्ही कोन म्हणतो. बाहेरची हबात ठोकून बसवतो, तो कप. दोघांच्या मध्ये निमुळते रोलर. आता कोन कपात ढकलला की काय होईल? पाचर ठोकल्यावर लाकडात जे होतं तेच. प्रत्येक रोलर ही एक छोटी पाचर आहे आणि तिला आत ढकलणारा हात म्हणजे हा नट. त्यामुळे इथे नटाचं काम चाक आवळून धरणं हे नाहीच. रोलर आणि रेस यांच्यात फट किती ठेवायची, ते तो ठरवतो.

ही फट केवढी? चांगल्या बसवलेल्या हबात चाक एक्सलच्या दिशेने आत-बाहेर ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर हलायला हवं. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून पावणेदोन केसांपर्यंत, एवढ्यात सगळा खेळ. आता नटाकडे बघा. आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर धरलं तर नट एक पूर्ण फेरा फिरला की दीड मिलिमीटर सरकतो. खाचांच्या नटाला सहा खाचा असतात. म्हणजे एका खाचेला पाव मिलिमीटर. आणि आपली कमाल मर्यादा त्याच्या निम्मी! "एक खाच पुढे घेतली तर काय बिघडतंय" असं म्हणणारा माणूस एका खाचेत सगळी फट खाऊन वर तेवढाच दाब देऊन बसलेला असतो. म्हणून बऱ्याच एक्सलना एकमेकांशी काटकोनात दोन भोकं पाडलेली असतात. त्यामुळे खाच अर्ध्या अंतरावर जुळवता येते. दोन भोकं बघून मला आधी वाटायचं, एक भोक खराब झालं तर दुसरं असावं म्हणून ठेवलंय.

फट गेली की पुढचं सगळं ओळीने होतं. निमुळत्या रोलरचं जाड टोक कोनाच्या कडेला घासतं. घासलं की तापतं. तापलं की आधी आतली रेस आणि रोलर फुगतात, कारण हब बाहेरून वाऱ्याने गार होत असतो. फुगले की उरलीसुरली जागाही जाते आणि आणखी तापतं. ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं. मग रोलर घसटतात, जाळी तुटते, आणि शेवटी आतली रेसच एक्सलवर फिरायला लागते. त्या रात्री तासगाव रस्त्याला आम्ही बघत होतो तो हाच शेवटचा टप्पा होता. अजून दहा किलोमीटर गेला असता तर चाक निघून रस्त्यावर आलं असतं. मागून येणारा दुचाकीवाला कोण असता, देव जाणे.

आवळताना चाक फिरवायचं कशासाठी, हेही सांगायला हवं, कारण घाईत नेमकं तेच गाळलं जातं. नवीन ग्रीसमध्ये रोलर थोडे तिरके बसलेले असतात. चाक स्थिर ठेवून नट आवळला तर हाताला घट्ट लागतो, पण रोलर कडेला टेकलेले नसतात. गाडी चार-पाच किलोमीटर चालली की ते आपापल्या जागी जातात आणि हब सैल होतो. मग माणूस म्हणतो, मी तर टाईट केला होता! मोठ्या ट्रकच्या हबसाठी जी छापील पद्धत आहे तीही आण्णांच्या पद्धतीसारखीच: चाक फिरवत आधी साधारण २७० न्यूटन-मीटरने (हे पिळायच्या जोराचं माप) आवळा, एक पूर्ण फेरा मागे घ्या, पुन्हा फिरवत ६८ पर्यंत आणा, आणि मग आट्यांच्या मापाप्रमाणे पाव-अर्धा फेरा सोडा. आण्णांनी ते कागद कधी बघितले नव्हते.

हे निमुळतं बेअरिंग ज्याच्या नावावर आहे तो हेन्री टिमकन अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बांधायचा. १८९८ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. गाडी वळताना चाकावर बाजूने जो रेटा येतो तो साध्या बेअरिंगला सोसत नाही, ही त्याची अडचण होती. उसाची ट्रॉली फडातून रस्त्यावर चढते तेव्हा तिरकी होऊन चाकांवर कसा भार टाकते, ते ज्याने बघितलंय त्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो.

१९९८ साली मी स्वतःचं गॅरेज टाकलं. ट्रॉल्यांबरोबर मोटारीही येऊ लागल्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली होती, पण आमच्या भागात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या गावागावात दिसायला बरीच वर्षं गेली. त्याआधी आम्ही बघितलेल्या अॅम्बेसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. पुढच्या चाकातून इंजिनाची ताकद बाहेर येते, ही गोष्टच हाताला नवी होती.

२००३ साली गावातले एक गुरुजी त्यांची छोटी गाडी घेऊन आले. पुढच्या उजव्या ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा, रबरी बूट फाटला होता, ग्रीस उडत होतं. शाफ्ट काढला, बूट बदलला, शाफ्ट परत हबात घातला आणि वरचा मोठा नट लावला. आता बघा, नट तसाच, खाली वॉशर तसाच, टोपीही तशीच. माझ्या हाताला एकच रीत ठाऊक होती. आवळला, सोडला, मुठीने लावला, पाव फेरा मागे घेतला. चाक हलकं फिरत होतं. मला फार समाधान वाटलं, की मोटारवाले दणादण आवळतात तसं मी केलं नाही.

पंधरा दिवसांनी गुरुजी परत आले. "चाळीसच्या पुढे गेलं की घूं आवाज येतो. डावीकडे वळलं की वाढतो." डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर जातो, म्हणजे उजवंच. हब उघडला आणि माझा चेहरा उतरला. बेअरिंगची आतली रेस दोन भागांत होती आणि ते दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे लालसर-तपकिरी भुकटी जमली होती. दोन लोखंडी तोंडं एकमेकांवर सारखी हलत राहिली की अशी भुकटी पडते. छर्ऱ्यांच्या वाटेवर खवले निघाले होते. जी तोंडं दाबून एक ठेवायची, ती मी सैल सोडली होती.

मी गुरुजींना खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "तू हे शिकलास कुठं?"

"ट्रॉलीवर."

"मग मोटारीवर कोण शिकवणार तुला?" असं म्हणून ते गेले. बेअरिंग मी माझ्या पैशाने घातलं. आठवड्याने ते सांगलीहून त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलच्या दहा-बारा पानांची झेरॉक्स घेऊन आले. इंग्रजी मला अडत होतं. त्यांनी माझ्या बाकड्यावर बसून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. ती पानं अजून माझ्या कपाटात आहेत, कडेला त्यांच्या निळ्या शाईतल्या टिपांसकट.

त्या पानांतून मला जे कळलं ते असं. मोटारीच्या पुढच्या चाकात असं दोन ओळींचं छर्ऱ्यांचं बेअरिंग असतं. बाहेरची रेस अखंड, आतली दोन तुकड्यांत. हे दोन तुकडे एकमेकांना भिडले की छर्ऱ्यांना जेवढा दाब हवा तेवढाच मिळावा, अशी त्यांची तोंडं कारखान्यात घासून मापात आणलेली असतात. म्हणजे फट आधीच ठरलेली आहे. मिस्त्रीने ती ठरवायची नाही. नटाने फक्त एक करायचं: हे दोन तुकडे, हब आणि शाफ्ट यांना असं दाबून धरायचं की खड्ड्यात, वळणावर, ब्रेकला, कधीही ते विलग होऊ नयेत. दोनशे न्यूटन-मीटरने आवळलेला बावीस मिलिमीटरचा नट साधारण साडेचार टनांचा दाब देतो. साडेचार टन! आणि मी तिथे मुठीने लावून पाव फेरा सोडला होता.

तेव्हापासून कुठलाही हब समोर आला की मी स्वतःला एकच विचारतो: इथली फट माझा पाना ठरवणार आहे, की ती कारखान्यातून ठरून आली आहे? पाना ठरवणार असेल तर हात हलका. ठरून आली असेल तर लिहिलेला आकडा, पूर्ण, टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने. गॅरेजमधल्या पोरांना मी आधी हा प्रश्न शिकवतो, पाना नंतर हातात देतो.

दुसऱ्या प्रकारात मग हवा तेवढा जोर लावावा का? तेही नाही. दोनशे न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला वीस किलोंचा भार. सत्तर किलोंचा माणूस त्याच पाइपवर उभा राहिला तर जवळपास ६९० होतात. आटे ताणले जातात, आणि ताणलेला नट वरून घट्ट दिसला तरी धरून ठेवत नाही. नट फिरवायच्या हवेच्या गनने तर किती आवळला गेला ते चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. वर तिचे ठोके थेट छर्ऱ्यांवर आणि रेसवर बसतात. गन सोडवायला वापरा, हरकत नाही. शेवटचा आवळ हातानेच द्या. ज्या नटाची कड पंचने खाचेत दाबून बसवतात तो दर वेळी नवा घाला. नव्या नटाची किंमत बेअरिंगच्या मानाने काहीच नसते.

आणखी एक, जे मी स्वतः दोनदा बघितलंय. शाफ्ट काढलेली गाडी गॅरेजमध्ये जागा करायला चार पोरं ढकलतात. नट नाही, म्हणजे आतल्या रेसचे दोन तुकडे मोकळे. वर गाडीचं वजन. चार फूट ढकलली तरी छर्रे रेसच्या कडेवर चढून डाग पाडतात आणि महिन्याभराने तोच घूं आवाज. गाडी हलवायचीच असेल तर शाफ्टचं बाहेरचं टोक हबात घालून नट आवळा, मग हलवा. नट पूर्ण आकड्याला आवळल्याशिवाय चाकावर वजन येऊ द्यायचं नाही.

मोटारसायकलचं थोडक्यात सांगतो. तिच्या चाकात दोन साधी छर्ऱ्यांची बेअरिंगं असतात आणि त्यांच्या मधे एक नळी, स्पेसर. एक्सलचा नट दोन्ही आतल्या रेस आणि ही नळी एकत्र दाबतो. बेअरिंग बदलताना नळी बाकड्यावर राहून गेली, तर नट आवळल्यावर दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात आणि छर्रे बाजूने चेपले जातात. नवीन बेअरिंग दोन महिन्यांत जातं आणि बोल बेअरिंगच्या कंपनीला लागतो.

घरी तपासायचं असेल तर चाक जॅकवर उचला, गाडीखाली लाकडी ठोकळा ठेवा, आणि चाकाला वर-खाली, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे धरून हलवा. टक्-टक् जाणवलं तर बहुतेक वेळा बेअरिंग. नुसतं तीन आणि नऊवर धरून हलत असेल तर आधी स्टिअरिंगचे जोड बघा. ट्रॉलीवाल्यांनी दहा किलोमीटरवर थांबून हबला तळहाताची मागची बाजू लावावी. कोमट चालतं. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका.

त्या रात्रीचं राहिलं. निळी रेस छिन्नीने फोडून काढली. एक्सलवर ओरखडे होते, पण कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ करण्याइतकेच. कप ठोकून काढले, नवे बसवले, हबात ग्रीस भरलं. मग मी बाजूला झालो आणि पाना त्या पोराच्या हातात दिला. "चाक फिरवत आवळ." त्याने आवळला. "आता सोड." माझ्याकडे बघितलं त्याने, मी आण्णांकडे बघितलं होतं तसंच. "सोड. दांडा काढ. आता मुठीनं लाव." खाच भोकाच्या थोडी अलीकडे राहिली. त्याचा हात सवयीने पुढे गेला आणि मधेच थांबला. त्याने नट मागे घेतला. पिन घातली, तिचे पाय वळवले.

मी सामान भरत होतो तेव्हा एकदम डोक्यात आलं. विचारलं, "परवा या ट्रॉलीची किती चाकं उघडली होतीस?"

तो म्हणाला, "सगळी. चारी."

जॅक परत बाहेर काढला. उरलेली तीन चाकं उघडली तेव्हा एका हबातलं ग्रीस काळं पडायला लागलं होतं, रोलर अजून पांढरे होते. तीनही नट त्यानेच सोडले आणि त्यानेच लावले. मी फक्त बॅटरी धरून उभा होतो. कारखान्याकडे निघाला तेव्हा सव्वाचार वाजले होते. मी घरी येऊन हात धूत होतो, तेवढ्यात फोन आला.

"काका, थांबून चारींना हात लावला. कोमट आहेत."